वाडग्यातला दरबार

काशानच्या कुंभारांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेल्या वाडग्यांत एक राजा वारंवार भेटतो. तो आसनावर मांडी घालून बसलेला असतो. दोन्ही बाजूंस सेवक उभे असतात. कोणाच्या हाती पेला, कोणाच्या हाती वाद्य. वाडग्याच्या कडेने घोडेस्वारांची रांग धावत असते आणि वर्तुळ पुरे करून पुन्हा आपल्याच मागे लागते. राजा, सेवक, वादक, स्वार या सर्वांचे चेहरे सारखेच वाटोळे, फारसी कवींनी ज्यांना चंद्रमुख म्हटले त्या जातीचे. आणि बहुतेकांच्या मस्तकांमागे प्रभामंडल. भारतीय प्रेक्षकाला त्या मंडलामुळे देवत्वाचा भास होतो. येथे मात्र ते राजाला जसे आहे तसेच पेला भरणाऱ्यालाही आहे, आणि त्याचा उपयोग मस्तक उठून दिसावे एवढाच आहे. इतका सारा थाट मांडूनही हा राजा कोण, ते वाडगा सांगत नाही.

हा प्रश्न वरवर पाहता कलेतिहासाचा आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही असे वाटेल. तथापि ज्या बंगळूर शहरात सतराव्या शतकात एका मराठी सरदाराची विद्वत्सभा भरत असे, आणि ज्या शहराच्या जयनगर वस्तीत आजही नवरात्रात घराघरांतून एक निनावी राजा मांडला जातो, तेथून पाहिल्यास काशानचा हा राजा परका उरत नाही. ‘दरबारी’ म्हणून आपण ज्या वाङ्मयाला बाजूस सारतो, त्याच्याविषयीही तो काही सांगू शकतो.

या भांड्यांना आज ‘मीनाई’ म्हणतात. मीनाकामाचा मीना तो हाच. नाव मात्र मागाहून पडले. जुनी संज्ञा ‘हफ्त रंग’, म्हणजे सप्तरंग. काशानच्या एका प्रसिद्ध कुंभारकुळातील अबुल कासिम याने १३०१ साली या धंद्याची कृती लिहून ठेवली आहे. दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती, असे त्याचे प्रमाण आहे. अशा लगद्याचे भांडे घडवून त्यावर पांढरी किंवा फिरोजी झिलई चढवीत. निळ्यासारखे काही रंग झिलईतच बसवून ते एकदा भाजीत. मग काळा, तांबडा, पांढरा आणि सोन्याचा वर्ख यांनी वरून चित्र रंगवून मंद आचेवर दुसऱ्यांदा भाजीत. दोन वेळचे जळण, सोने आणि बारीक कुंचल्याचे काम, यामुळे हे भांडे स्वस्त असणे शक्य नव्हते. तरीही ते मातीचेच भांडे. ज्याच्या पंक्तीला सोन्यारुप्याची ताटे होती त्याला त्याची गरज नव्हती. ज्याच्याकडे पैसा होता पण सिंहासन नव्हते, अशा नागर घराचे ते भांडे होय. इस्लामी कलेचे इतिहासकार ओलेग ग्राबार यांनी त्या काळच्या चित्रित वस्तू आणि सचित्र ग्रंथ यांच्यामागे शहरांतील सधन व्यापारी वर्ग उभा असल्याचे आग्रहाने मांडले, ते येथे ध्यानात घ्यावयास हवे.

भांड्यावरील अक्षरेही हेच सांगतात. कित्येक वाडग्यांच्या बाहेरच्या अंगाने अरबी शुभेच्छांची माळ फिरते: इज्ज, इकबाल, दौलत, सलामत आणि अशीच आणखी काही पदे, आणि शेवटी, हे सर्व ‘लि-साहिबिही’, म्हणजे ‘त्याच्या धन्यासाठी’. मराठी वाचकाला या माळेतील बहुतेक शब्द कोशावाचून कळतात. ‘साहेब’ हा मुळात धनी, वस्तूचा मालक. ‘दौलत’ या शब्दाचा अर्थ मराठीत आज संपत्ती एवढाच उरला असला, तरी पेशवेकालीन पत्रांतील ‘दौलतीचा कारभार’ म्हणजे राज्यकारभारच होय. वाडगा आपल्या साहेबाला दौलत इच्छितो, तेव्हा तो धन इच्छितो की राज्य? शब्दात दोन्ही आहेत, आणि आत रंगविलेला राजा म्हणजे त्या शब्दाचे चित्र आहे. तो अमुक एक सुलतान नाही. वाडगा ज्याच्या घरी जाईल त्याच्या भाग्याची ती आकृती आहे. नाव लिहिले असते तर ती एकाचीच झाली असती.

काळाकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मीनाई भांड्यांपैकी ज्यांवर सन कोरलेला आढळतो त्यांतील सर्वांत जुनी हिजरी ५८२, म्हणजे इ. स. ११८६ मधील आहेत. त्यानंतर आठच वर्षांनी, ११९४ मध्ये, इराणातील अखेरचा सेल्जुक सुलतान तिसरा तुघ्रिल हा रय शहराजवळ लढाईत मारला गेला. सिंहासन डळमळत होते त्याच वर्षांत सिंहासनाची चित्रे बाजारात आली. ते कोसळल्यानंतरही कुंभारांचे काम चालूच राहिले. १२२० मध्ये मोंगोल फौजा आल्या आणि या जातीची कारागिरी ओसरली ती शहरे उद्ध्वस्त झाल्यामुळे, राजा नाहीसा झाल्यामुळे नव्हे. दरबाराचे चित्र जगण्यासाठी दरबार असावाच लागतो असे नाही. ज्या शहराला राजा गमवावा लागत आहे त्याला ते चित्र अधिक हवेसे वाटत असावे.

काही भांड्यांवर मात्र राजाला नाव आहे, आणि ते साहित्यातून आलेले आहे. वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहातील एका लहानशा पेल्यावर बीझन आणि मनीझा यांची कथा चौकटीचौकटींतून क्रमाने रंगविलेली आहे. फिर्दौसीने ‘शाहनामा’ १०१० मध्ये पुरा केला; परंतु त्याच्या ज्या सचित्र पोथ्या आज उपलब्ध आहेत, त्यांतील सर्वांत जुन्या १३०० च्या सुमाराच्या. म्हणजे त्या महाकाव्याची चित्रे कागदावर पाहावयास मिळतात त्याच्या कित्येक दशके आधी ती मातीवर पाहावयास मिळतात. ग्रंथाचा प्रसार पोथ्यांच्या वंशावळीवरूनच मोजणाऱ्या अभ्यासकाने या पेल्यासमोर थोडे थांबावे.

अशा कथाचित्रांत सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र बहराम गूर आणि आझादा यांचे. राजा उंटावर बसून शिकारीस निघाला आहे. मागे वीणाधारिणी आझादा. ती त्याला अवघड नेम सांगते. तो बाणाने हरणाचा खूर त्याच्या कानाशी खिळवून दाखवितो. ती वाहवा करण्याऐवजी मुक्या जनावराची कीव करते. राजा तिला खाली ढकलून उंटाच्या पायांखाली तुडवितो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एका वाडग्यावर हे दोन्ही क्षण एकाच चित्रात आहेत: आझादा वर बसून वीणा वाजवीत आहे आणि तीच खाली पायांत पडली आहे. याच काळात, ११९७ मध्ये, निजामीने ‘हफ्त पैकर’ रचले आणि ही कथा फिरविली. त्याच्या काव्यातील दासी फित्ना हिला मारण्याची आज्ञा होते. पण ज्याच्यावर ते काम सोपविले तो तिला वाचवितो. पुढे ती एका वासराला रोज खांद्यावर घेऊन जिना चढते, वासराचा बैल झाला तरी चढते, आणि कसब हे सरावाचे असते हे राजाला पटवून देते. कवीने स्त्रीला जीवदान दिले. कुंभाराने जुनाच शेवट पसंत केला. दरबाराची प्रतिमा घरात आली ती सगळीच मंगल होऊन आली, असा समज यामुळे टिकत नाही. राजाचे भाग्य मागणारे घर त्याचा क्रोधही फडताळात ठेवीत होते.

आणि एक नाव राहिले, ते कुंभाराचे. ११८६ च्या मोहरममधील एका वाडग्यावर अबू जैद काशानी याची सही आहे. त्याच्या सह्यांची भांडी व फरश्या १२१९ पर्यंत सापडतात. आपण रचलेली रुबाई आपणच भांड्यावर लिहिली, असेही तो काही ठिकाणी नोंदवितो. रुबाई बहुधा प्रेमाच्या तक्रारीची असते. तिचा शेजारच्या चित्राशी संबंध असतोच असे नाही. राजाला नाव नाही, धन्याला नाव नाही, आणि मातीत हात घालणाऱ्याला मात्र नाव आहे! दरबारी कलेत कलावंत लोपतो, या नेहमीच्या विधानाला याहून सरळ उत्तर मिळणे कठीण.

ही प्रतिमा दख्खनेत आली ती वाडग्यांतून आली, असे म्हणण्याचे कारण नाही. ती माणसांबरोबर आणि शब्दांबरोबर आली. बहमनी वजीर महमूद गावान हा गिलानचा. त्याने बीदरला बांधलेला मदरसा १४७२ मध्ये पुरा झाला आणि त्याच्या भिंतींवर इराणी पद्धतीच्या रंगीत फरशा बसल्या. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महाल आपले नाव अशाच फरशांवरून मिरवितो. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन याच्या नशिबी त्याच महालातील कैद आली. विजापुरात १५७० च्या सुमारास ‘नुजूम उल-उलूम’ हा ज्योतिषाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात ग्रह, राशी आणि सिंहासन एकत्र येतात. मेट्रोपॉलिटनमधील एका मीनाई वाडग्यातही मध्ये सूर्य, सभोवती सहा ग्रह आणि त्यांच्याबाहेर स्वार व उत्सवी मंडळी आहेत. सत्ता ही ग्रहमंडलाची प्रतिकृती होय, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच.

शब्दांचे तर सांगावयास नको. पेला, सुरई, तबक, रकाबी, तख्त, शिकार, दरबार हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले की माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या ‘फारसी-मराठी कोशा’त ते पाहताना वाचकाला ते फारसीने मराठीतून घेतले असावेत असा क्षणभर भ्रम व्हावा. शिवकालात, रघुनाथपंडिताच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘राजव्यवहारकोशा’ने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्या प्रयत्नाचे मोल मोठे. पण तख्ताचे सिंहासन झाले तरी त्यावर बसलेल्या आकृतीची मांडी, तिच्या दोन्ही बाजूंचे सेवक आणि समोरचे गुणिजन यांत काय बदलले? नाव पालटले, चित्र पुष्कळसे तेच राहिले.

अशा दख्खनेत १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या तेथील सभेचे चित्र जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो चंपू विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. आरंभी राधामाधवांचा विलास, पुढे शहाजीराजांचे आणि त्यांच्या सभेचे वर्णन, आणि अखेरचा अकरावा उल्लास नाना भाषांतील रचनांचा, अशी त्याची मांडणी आहे. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले आणि बारा भाषांत कविता करता येते असे त्याचे कारण सांगितले, ही त्यातील हकीकत मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

या ग्रंथाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. कोणी त्याला बंगळूरच्या दरबाराचा पुरावा मानतो. कोणी म्हणतो की सर्व राजे सर्व चंपूंत असेच दानशूर व रसिक असतात, तेव्हा हे सारे ठरीव. काशानचे वाडगे पाहिलेल्या वाचकाला हा वाद थोडा वेगळा दिसेल. राजाचे आसन, सभेची शोभा, गुणिजनांची दाटी हा साचा होय. त्याला पुरावा म्हणणे म्हणजे वाडग्यातील राजाला तुघ्रिल म्हणणे. परंतु साच्यात जेथे एखादे विशेष नाव घुसते तेथे इतिहास सुरू होतो: अबू जैदची सही, जयरामाचे बारा नारळ. एका सभेत बारा भाषांची कविता ऐकून घेणारे कोणी असणे, ही कोणत्याही साच्यातून आपोआप निघणारी गोष्ट नाही. ती बंगळूरची आहे.

पुढे शहाजीपुत्र एकोजी (व्यंकोजी) तंजावरला गेले आणि तेथे मराठी राज्य उभे राहिले. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. तंजावरात एकोजीपुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) याने मराठीत नाटके रचली आणि ‘पंचभाषाविलास’ नावाच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी एका रंगभूमीवर आणल्या. आजोबांच्या बंगळूरच्या सभेतील भाषांचा मेळा नातवाच्या हातून नाटक झाला, असे म्हणता येईल. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये संपले. त्याच्या आश्रयाला गेलेली मराठी कुटुंबे दक्षिणेत पसरली. त्यांतील काही विसाव्या शतकात नोकरीधंद्याच्या निमित्ताने बंगळूरला आली. ज्या शहरातून त्यांचा राजा निघाला होता तेथे ती भाडेकरू म्हणून परतली.

लालबागेच्या दक्षिणेस १९४८ मध्ये आखलेली जयनगर ही वस्ती म्हैसूरच्या जयचामराजेंद्र वडेयरांचे नाव धारण करते. संस्थान त्याच्या आदल्याच वर्षी भारतात सामील झाले होते. राजेपण ओसरत असताना एका मध्यमवर्गीय वस्तीला राजाचे नाव मिळाले. १९७१ मध्ये तनखेही गेले, नाव राहिले. या वस्तीतील कन्नड घरांतून नवरात्रात ‘गोंबे हब्ब’ होतो. तीन, पाच, सात अशा विषम पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवितात, आणि मानाच्या जागी लाकडाची राजाराणीची जोडी असते. तिला ‘पट्टद गोंबे’ म्हणतात. पट्टाभिषेकातील आणि पट्टराणीतील पट्ट तो हाच. तमिळमध्ये याच मांडणीला ‘कोलू’ आणि तेलुगूत ‘कोलुवु’ म्हणतात. दोन्हींचा मूळ अर्थ राजसभा. तंजावरी मराठी घरे हा सण आपलाच म्हणून करतात.

अशा एखाद्या घरात नात आजीला विचारते, हा राजा कोण? म्हैसूरचा की तंजावरचा? आजी राजाचे नाव सांगत नाही. ती सांगते की ही जोडी तिच्या आईने तिच्या लग्नात दिली, आणि आईला तिच्या आईने. प्रश्न राजाचा होता. उत्तर घराच्या वारशाचे आले. काशानच्या वाडग्यावरील ‘त्याच्या धन्यासाठी’ या पदाचे इतके नेमके भाष्य कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. फरक इतकाच की येथे धनी ही धनीण आहे, आणि राजा आईकडून लेकीकडे जातो.

मराठी समीक्षेत ‘दरबारी’ हे विशेषण बहुधा दोष म्हणून येते. संत, पंडित, शाहीर अशी वाटणी झाल्यावर जे राजसभेत जन्मले ते आश्रितांचे वाङ्मय ठरले. त्यामुळे तंजावरची नाटके दीर्घकाळ उंबरठ्याबाहेर राहिली. मराठी रंगभूमीची कहाणी १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून सांगण्याची सवय इतकी पक्की झाली की दीडशे वर्षे आधीची मराठी नाटके परिशिष्टात गेली. या विशेषणामागे एकच प्रश्न आहे: पैसे कोणी दिले? तो प्रश्न अवश्य विचारावा. आझादाचे काय झाले ते विसरू नये. परंतु दुसराही प्रश्न तितकाच आवश्यक आहे: ते जपले कोणी? दरबार संपल्यावर ती प्रतिमा कोणाच्या फडताळात, कोणाच्या पेटीत राहिली, आणि तेथे तिचा अर्थ काय झाला? वाडग्यातील राजा सेल्जुकांचा राहिला नाही, तसे तंजावरचे पद कोणी नवरात्रात बाहुल्यांसमोर म्हणत असेल तर ते भोसल्यांचे राहिलेले नाही.

मात्र येथे एक धोका आहे आणि तो काशानच्याच भांड्यांवर दिसतो. कित्येकांवर चित्र स्पष्ट आहे. भोवतालचे लेखन मात्र झिजले आहे, किंवा मुळातच अक्षरांसारख्या दिसणाऱ्या निरर्थक रेघा आहेत. प्रतिमा भाषेवाचून जगू शकते. जयनगरच्या घरांतही तेच घडत आहे. आजी तंजावरी मराठी बोलते. मुलगा ती समजतो, पण बायकोशी कन्नडमध्ये बोलतो. नातीचे बोलणे कन्नड आणि इंग्रजीत. राजाराणीची जोडी नातीला मिळेल यात शंका नाही. तिच्यासमोर जी गाणी म्हटली जातात, पायऱ्या मांडताना ज्या शब्दांत सूचना दिल्या जातात, ते शब्द तिला मिळतील असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही.

सरस्वती महालातील हस्तलिखितांना याद्या आहेत, संपादक आहेत. घरांतील या भाषेला नाहीत. भारतीय भाषांच्या विभागांतील एखाद्या विद्यार्थ्याने एका नवरात्रात जयनगरची पाचदहा घरे पाहून, कोणती बाहुली कोणाकडून आली आणि तिच्यासमोर काय म्हटले गेले हे ज्या मराठीत ऐकले त्याच मराठीत उतरवून घेतले, तर ते काम कोणत्याही पाठसंपादनाइतकेच मोलाचे ठरेल. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली निजविली जाते आणि मग दरबार जुन्या कापडांत गुंडाळून वर्षासाठी पेटीत जातो. नोंद त्याआधी व्हावयास हवी.